समजलं-ना मॅडम

कॉलेजात मुलं त्यांना 'समजलं-ना मॅडम' म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. जिन्यात, पाण्याच्या नळापाशी, ग्रंथालयाच्या रांगेत ते नाव कितीदा तरी त्यांच्या कानावर पडलं होतं. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंही. संख्याशास्त्रासारखा रुक्ष विषय शिकवणाऱ्या बाईला मुलांनी एक नाव द्यावं आणि ते एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे चालत यावं, यात काहीतरी मान आहे असं त्या धरून चालल्या होत्या. शेजारच्या विभागातल्या सरांना मुलं 'झोपेची गोळी' म्हणत. त्यापेक्षा हे केव्हाही बरं.

नाव पडायचं कारण साधं होतं. फळ्यावर एक पायरी लिहून झाली की बाई मान अर्धी वळवत आणि विचारत, "समजलं ना?" वर्ग एका सुरात म्हणे, "हो, मॅडम." तोवर बाईंचा खडू पुढच्या पायरीवर पोहोचलेला असे. अर्ध्या वळलेल्या मानेच्या टप्प्यात पहिल्या बाकाची एक बाजू तेवढी यायची. तिथे दर वर्षी एखादी मान डोलावणारी मुलगी असतेच. या वर्षी तिला जाड चष्मा होता आणि ती प्रत्येक समीकरणाला अशी डोलायची की जणू ते तिच्या ओळखीतलंच आहे. ती डोलली की बाईंना पुरे व्हायचं.

बाकी तास अगदी चोख. बाई बेल व्हायच्या आधी दारात. बाहीला खडूची पूड लागू नये म्हणून मनगटाशी रुमाल गुंडाळलेला. फळ्याचे तीन उभे भाग पाडलेले, अक्षर छापल्यासारखं. वर्ष संपायच्या कितीतरी आधी अभ्यासक्रम संपलेला. आजारपण सोडलं तर रजा नाही, आणि आजारपणही बहुधा सुट्टीतच यायचं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. आपण आपलं काम नीट केलं, ही एक गोष्ट त्या मनाशी घट्ट धरून होत्या.

त्या वर्षी कॉलेजने फर्मान काढलं की प्रत्येक तासात विद्यार्थ्यांचा सहभाग दिसला पाहिजे, आणि तो मोबाइलवरून घ्यायचा. त्यासाठी सभा झाली. संगणक विभागातले तरुण सर पुढे उभे राहिले. त्यांच्या तोंडी सतत कसली ना कसली नवी आवृत्ती असायची म्हणून सगळे त्यांना 'अपडेट सर' म्हणत. माणूस उत्साही, मनाने चांगला, पण बोलायला लागला की समोरच्याला खिडकीबाहेर बघायला लावणारा.

"मुलं वर्गात तोंड उघडत नाहीत," अपडेट सर म्हणाले, "पण बोटं एक मिनिट थांबत नाहीत. मग बोटांनाच विचारू या! पडद्यावर कोड दाखवायचा, मुलं मोबाइलवरून आत येतील, उत्तर दाबतील, आणि पडद्यावर लगेच आलेखाचे रकाने वर चढताना दिसतील."

"माझ्या वर्गात सहभाग आहे," बाई म्हणाल्या. "मुलं उत्तर देतात."

"काय उत्तर देतात, मॅडम?"

"हो म्हणतात."

मागच्या रांगेत कुणीतरी खोकल्याचं सोंग घेऊन हसलं. बाईंनी पर्सची चेन विनाकारण उघडली आणि लावली.

घरी त्यांना शिकवायचं काम भाचीवर आलं. भाची बँकेत नोकरीला, बदली होऊन मावशीकडेच राहायला आलेली. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून दोघी बसायच्या. टपाल खात्यातून निवृत्त झालेले यजमान समोर शब्दकोडं घेऊन बसायचे, पण त्यांचं सगळं लक्ष इकडेच.

"मावशी, ते एकदाच दाबायचं. चोळायचं नाही."

"अगं, पण ते ऐकतच नाही."

"तू एकच गोष्ट तीनदा सांगतेस, मग ते गोंधळतं."

"माझंही तेच होतं," कोड्यातून डोकं वर न काढता यजमान म्हणाले.

"तुम्ही तुमचे आडवे-उभे शब्द बघा."

आठवडाभरात बाई तयार झाल्या. काम अंगावर पडलं की ते टापटीप करायचं हा त्यांचा स्वभावच. पहिला प्रश्न काय विचारायचा यावर त्यांनी फार विचार केला नाही. जो उभा जन्म विचारत आल्या तोच घातला: आजचा भाग समजला का? खाली दोन पर्याय, हो आणि नाही. म्हटलं, पहिल्याच दिवशी मुलांना जड नको.

त्या दिवशी प्रमाण विचलन शिकवून झालं. तास नेहमीसारखा नेटका झाला होता. चष्मेवाली डोलली होती, "हो, मॅडम"ही झालं होतं. बाईंनी पडदा खाली ओढला, कोड दाखवला आणि म्हणाल्या, "न घाबरता दाबा. कुणाचं नाव कुणाला दिसत नाही. मलासुद्धा नाही." पडद्यावर कुठे नाव दिसत नव्हतं आणि त्यांनी त्यापलीकडे पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्या हे अगदी मनापासून म्हणाल्या.

मुलं मोबाइलवर वाकली. 'हो'चा हिरवा रकाना बोटभर वर आला आणि तिथेच बसला. शेजारचा लाल चढू लागला. चढत चढत पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकला.

बाईंना आधी वाटलं, रंग उलटे झाले. भाचीने शिकवलं त्यात आपण काहीतरी अदलाबदल केली. त्यांनी जवळ जाऊन लाल रकान्याखालचं अक्षर वाचलं. 'नाही'. मग त्या वर्गाकडे वळल्या, या खेपेला पूर्ण वळल्या. कुणी हसत नव्हतं. सगळे आपापल्या बाकाकडे बघत होते, चोरी पकडली जावी तसे. खरं तर चोरी कुणाची पकडली गेली होती ते बाईंना कळत होतं. आताच तर यांनी एका सुरात 'हो' म्हटलं होतं. आणि याच्या आधीच्या वर्गांनी? त्याच्याही आधीच्यांनी? कुठे कुठे नोकऱ्यांत, संसारांत पांगलेल्या त्या सगळ्या मुलांचे 'हो' त्यांच्या कानात एकदम वाजले, आणि त्यातला एकही खरा धरावा अशी त्यांची हिंमत होईना.

"बरं," त्या म्हणाल्या, "उद्या पुन्हा घेऊ."

घरी आल्यावर त्यांनी भाचीला रंग तपासायला लावले. रंग बरोबर होते.

इथे एखादीने लॅपटॉप कपाटात टाकला असता. बाईंनी तसं केलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाग पुन्हा घेतला, पायऱ्या कमी, उदाहरणं जास्त. अपडेट सरांकडून आणखी एक सोय मागून घेतली. पडद्यावर एक मोकळी चौकट, तिच्यात मुलांनी काहीही लिहायचं, नावाशिवाय. ज्याला तेच विचारायचं असेल त्याने त्याखाली अंगठा दाबायचा.

पहिले दोन-तीन दिवस 'मॅडम, आज लवकर सोडा' असलंच यायचं, आणि त्याखाली अंगठ्यांची रांग. मग हळूहळू खरे प्रश्न येऊ लागले. त्यांतला एक आवाज, म्हणजे लिहिण्यातला, लगेच ओळखू यायचा. तो नेहमी 'माफ करा, पण' अशी सुरुवात करायचा.

'माफ करा, पण सरासरीपासूनची अंतरं अधिक-वजा होऊन शून्य येतात म्हणून आपण त्यांचा वर्ग करतो. मग नुसतं वजाचं चिन्ह का काढून टाकत नाही?'

बाई खडू धरून उभ्या राहिल्या. हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःलाही नव्हता. "उद्या सांगते," त्या म्हणाल्या. त्या दुपारी ग्रंथालयात बसून त्यांनी तीन पुस्तकं चाळली, आणि दुसऱ्या दिवशी सांगताना त्यांचा आवाज विद्यार्थिनीसारखा चढला होता. तास संपला तरी मुलं उठेनात. अशी गोष्ट त्यांच्या वर्गात पूर्वी कधी घडल्याचं त्यांना आठवेना.

रोज तास सुरू झाला की मुलं आता चौकटीकडे बघायची. "आज माफ-करा-पण आलेत का?" कुणीतरी कुजबुजायचं. कुणी म्हणे तो मागच्या बाकावरचा उंच मुलगा, कुणी म्हणे ती चष्मेवाली. बाईसुद्धा वाट बघायच्या. भाचीला सांगायच्या, "आज काय विचारलं माहीत आहे?" आणि पोळीचा घास हातात तसाच राहायचा. निवृत्तीच्या तोंडावर आपल्याला वर्ग मिळाला, असं त्यांना वाटू लागलं होतं.

मग एके दिवशी तास मध्यावर असताना पडद्यावर ओळ आली.

'माफ करा, पण मॅडम, तुम्ही "समजलं ना" विचारता तेव्हा फक्त पहिल्या बाकाकडे बघता. भिंतीकडच्या बाकांकडे तुम्ही आम्हाला शिकवायला लागल्यापासून एकदाही बघितलेलं नाही.'

खाली अंगठे येऊ लागले. एक, दोन, मग झरझर. चष्मेवालीने सुद्धा हळूच बोट दाबलं, ते बाईंना दिसलं. कारण त्या तिच्याकडेच बघत होत्या.

"हं," बाई म्हणाल्या. "बरं. पुढे जाऊ."

मधल्या सुट्टीत त्या शिक्षकांच्या खोलीत नुसत्याच बसल्या होत्या. अपडेट सर चहाचा कप घेऊन शेजारी आले. काय झालं ते कळल्यावर म्हणाले, "मग बघा की कोण आहे ते. रिपोर्टमध्ये नावं येतात."

"नावं? पडद्यावर तर नसतात."

"पडद्यावर नसतात. पण मुलं कॉलेजच्या आयडीनेच आत येतात ना? तुमच्या बाजूला सगळी नोंद असते. कुणी काही वेडंवाकडं लिहिलं तर सापडायला नको?"

"पण मी त्यांना सांगितलंय, मलाही दिसत नाहीत म्हणून."

"मग नका बघू," अपडेट सर खांदे उडवून म्हणाले. "आणि बघितलं तरी कुणाला कळणार आहे?"

त्या दिवशी बाईंनी रिपोर्ट उघडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या दोन दिवसांत त्या वर्गात मुद्दाम भिंतीकडे बघायच्या, पण तिथे नेमकं कुणाकडे बघायचं ते कळायचं नाही. सगळे चेहरे सारखेच खाली. शनिवारी दुपारी यजमान बाल्कनीत कुंड्यांची माती उकरत होते, भाची झोपली होती. बाईंनी लॅपटॉप उघडला. मी काही राग धरून बघत नाही, त्यांनी स्वतःला सांगितलं. एवढं हुशार मूल कोण आहे ते मला माहीत असायला हवं, त्याच्या भल्यासाठी. शिक्षकाचं ते कामच आहे. इतकी कारणं मनात रांगेने उभी राहिली, तेव्हाच त्यांनी ओळखायला हवं होतं. त्यांनी बटण दाबलं. आणि एकदाच दाबलं, चोळलं नाही.

नाव वाचलं, तरी चेहरा आठवेना. हजेरीत ते नाव त्या रोज घेत होत्या, हात वर झाला की पुढचं नाव. मग एकदम आठवलं. भिंतीला लागून तिसरा बाक. करड्या स्वेटरची मुलगी. पहिल्या वर्षी, पहिल्याच महिन्यात, बाईंनी तिला उभं करून प्रश्न विचारला होता. तिच्या ओठांवर शब्द अडला. ओठ हलले, मान ताणली गेली, आवाज बाहेर येईना. कुणीतरी फिसकन हसलं. आणि बाई म्हणाल्या होत्या, "बस, बस. पुढची." रागावून नव्हे. त्यांना पुढे जायचं होतं इतकंच. त्यानंतर तिला त्यांनी कधीच काही विचारलं नाही. तिला त्रास नको, असं त्यांनी कधीतरी ठरवलं असावं. नसेलही ठरवलं.

बाईंनी लॅपटॉप मिटला. इतकी लाज त्यांना लाल रकान्याच्या दिवशीही वाटली नव्हती. पण लाजेचं एक असतं, माणसाला ती अंगावरून उतरवायची फार घाई होते. रविवारी त्यांनी जेवणात लक्ष घातलं नाही. बसल्या बसल्या हसत होत्या. यजमान भाचीला म्हणाले, "तुझी मावशी काहीतरी शिजवतेय आणि ते गॅसवर नाही."

ठरलं होतं असं: तिला सगळ्यांसमोर तिचं श्रेय द्यायचं. जिला आपण खाली बसवलं तिला उभं करायचं, टाळ्यांच्या गजरात. यापेक्षा चांगली भरपाई कुठली?

सोमवारी बाई तासाला जरा लवकरच आल्या. रुमाल मनगटाला गुंडाळला नव्हता. फळ्याकडे पाठ करून त्यांनी वर्गावरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "आज शिकवण्याआधी मला एक गोष्ट बोलायची आहे. या वर्षी आपल्याला एका व्यक्तीने विचार करायला लावलं. मलासुद्धा. तुम्ही सगळे तिला 'माफ करा, पण' म्हणता."

वर्ग खुलला. मागून कुणीतरी शीळ घातली.

"तिने लिहिलं की मी भिंतीकडे बघत नाही. तिचं बरोबर होतं. तर आज मी बघतेय." आणि बाईंनी तिचं नाव घेतलं, पूर्ण, आडनावासकट. "उभी राहा, बाळ. आणि सगळ्यांनी तिच्यासाठी टाळ्या."

दोन-चार टाळ्या वाजल्या, आणि मध्येच तुटल्या.

मुलगी उठली नव्हती. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या होत्या. मग त्या माना एकेक करून तिच्याकडून बाईंकडे वळल्या, आणि बाईंकडून हातातल्या मोबाइलकडे. प्रत्येक जण मनातल्या मनात आपण आजवर त्या चौकटीत काय काय लिहिलं ते आठवत होता, हे बाईंना पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ दिसलं. ज्याने 'झोपेची गोळी'वर विनोद लिहिला होता तो. जिने लिहिलं होतं की मला हा विषय नको होता, वडिलांनी घ्यायला लावला, ती. ज्यांनी पहिल्या दिवशी लाल दाबलं ते सगळे.

"मॅडम," चष्मेवालीने हळूच विचारलं, "नावं दिसतात?"

भिंतीकडची मुलगी तेवढ्यात उभी राहिली होती. एक हात बाकावर टेकलेला. तिला काहीतरी म्हणायचं होतं. ओठ हलले, मान ताणली गेली, शब्द अडला. वर्ग गप्प. ती शांतता बाईंना सोसवेना, एक क्षणही सोसवेना, आणि त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "बस, बस."

मुलगी बसली.

त्या दिवशी बाईंनी काय शिकवलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. शेवटी पडदा खाली ओढून त्यांनी चौकट उघडली. ती कोरी राहिली. मुलं मोबाइल पिशव्यांत ठेवून बसली होती, हात बाकांवर, शहाण्या मुलांसारखे. बेल होईपर्यंत पांढरा पडदा तसाच लखलखत राहिला.

"मावशी, तू हे काय केलंस!" भाची म्हणाली. यजमानांनी कोड्यातून डोकं वर काढलं, बाईंकडे बघितलं आणि परत खाली घातलं. त्यांनी काहीतरी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी माफी मागितली. रात्रभर शब्द जुळवले होते. "मी तुम्हाला शब्द दिला होता. नावं दिसतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण कळल्यावर मी ती बघितली. बघायला नको होती. आणि बघितल्यावर बोलायला तर मुळीच नको होतं. सगळी नोंद मी अपडेट... संगणकाच्या सरांकडून पुसून घेतली आहे. माझं चुकलं. समजलं ना?"

"हो, मॅडम," वर्ग एका सुरात म्हणाला.

तो 'हो' ऐकून बाईंनी टेबलाची कड धरली. सगळं जिथल्या तिथे जाऊन बसलं होतं. फरक एवढाच की आता त्यांना त्या 'हो'चा अर्थ माहीत होता.

मुलीला एकटीला गाठायचं त्यांनी किती दिवस टाळलं, त्यालाही लाजच कारण. शेवटी एका दुपारी ती सूचना-फलकापाशी वेळापत्रक बघत उभी होती. मागे पळायला वाट नव्हती, दोघींनाही.

"मला तुझी माफी मागायची आहे," बाई म्हणाल्या. "मला वाटलं होतं, तुला आनंद होईल."

मुलीने त्यांच्याकडे बघितलं. तिचे ओठ हलले. बाईंच्या जिभेवर 'असू दे, असू दे' आलं होतं. त्यांनी दात आवळले. जिन्यावरून मुलांचा लोंढा उतरला, त्यांच्या बाजूने वाहत गेला, दोघातिघांनी वळून बघितलं. बाई हलल्या नाहीत. हातातल्या वह्यांचा गठ्ठा जड झाला, तो त्यांनी या हातावरून त्या हातावर घेतला नाही. शब्द यायला वेळ लागत होता, आणि एक शब्द आला की दुसरा त्याच्याइतकाच लांब होता.

"माफ करा, पण," मुलगी म्हणाली, आणि त्या तीन शब्दांनाच तिला खूप चढावं लागलं. "तिथे... तिथे मी अडखळत नव्हते, मॅडम."

बाई थांबल्या. तिचं अजून संपलं नव्हतं.

"आता सगळे ते लिहिलेलंसुद्धा... माझ्याच आवाजात वाचतील."

मग ती वेळापत्रकाकडे वळली. बाईंना 'हो' म्हणावंसं वाटलं, 'समजलं' म्हणावंसं वाटलं, आणि दोन्ही शब्द उच्चारायची त्यांना चोरी वाटली. त्या तशाच शिक्षकांच्या खोलीत गेल्या आणि वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसल्या. अपडेट सर विचारायला आले की नव्या आवृत्तीत नाव पूर्ण लपवायची सोय आली आहे, चालू करून देऊ का. बाई म्हणाल्या, "आता त्यांना ते खरं वाटणार नाही, सर. आणि त्यात तुमच्या यंत्राचा दोष नाही."

वर्षाचे थोडेच आठवडे उरले होते. बाईंनी पडदा गुंडाळून ठेवला. प्राचार्यांनी सहभागाबद्दल विचारलं तेव्हा "माझ्या वर्गात सध्या नाही" असं लिहून दिलं, आणि त्यावर बोलावणं आलं तेव्हा जाऊन उभ्या राहिल्या. वर्गात त्या आता पायरी लिहून झाली की खडू खाली ठेवत, टेबलावर, हाताला लागणार नाही इतक्या लांब. मग पूर्ण वळत आणि विचारत, "समजलं?" 'ना' त्यांनी सोडून दिलं होतं. "हो, मॅडम," यायचं. त्या 'हो' ऐकूनही पुढे जात नसत. तशाच उभ्या राहत. पहिल्यांदा मुलं चुळबुळली, कुणी घड्याळ बघितलं, कुणी हसलं. बाईंना त्या शांततेत स्वतःचे खांदे, हात, सगळं अंगच जास्तीचं झाल्यासारखं वाटायचं. रोज तसंच वाटायचं. मग त्या खडू उचलत आणि पुढे जात.

शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. बाईंनी विचारलं, "समजलं?" "हो, मॅडम." बाई उभ्या राहिल्या. पंखा घरघरत होता. कुणाचं तरी पेन घरंगळत खाली पडलं आणि कुणी उचललं नाही.

"मॅडम." आवाज अगदी जवळून आला. चष्मेवाली उभी राहिली होती. चष्मा काढून हातात घेतलेला, त्यामुळे चेहरा अनोळखी दिसत होता. "मला नाही समजलं. आजचंच नाही. मला... मान डोलवायची सवय आहे, मॅडम."

वर्गात एक हसू उठलं, पण ते तिला टोचणारं नव्हतं. मागच्या उंच मुलाने हात वर केला, "मलापण नाही." आणखी एक हात. आणखी एक.

बाईंनी सगळ्या बाकांवरून नजर फिरवली, दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून भिंतीपर्यंत. भिंतीलगतच्या तिसऱ्या बाकावर करडा स्वेटर होता. मुलीचे हात बाकावर होते. त्यांतला एकही वर झाला नव्हता, आणि ती बाईंकडे बघत नव्हती. बाईंची नजर तिथे इतर बाकांवर थांबली तेवढीच थांबली, जास्त नाही.

मग त्या फळ्याकडे गेल्या आणि छापल्यासारखे तिन्ही भाग त्यांनी पुसून टाकले.